दुबईत फ्लॅट घेताय? या चुका टाळा

दुबईत फ्लॅट घेणाऱ्या पुण्या-मुंबईच्या माणसाची पहिली चूक बहुधा दुबईत होतच नाही. शनिवारी दुपारी इथल्याच एखाद्या मोठ्या हॉटेलात तिकडच्या घरांचे प्रदर्शन भरते, काचेच्या पेटीत इमारतीची दिवे लावलेली प्रतिकृती ठेवलेली असते, आणि दुसरा चहा संपता संपता एजंट ‘आज टोकन दिलंत तर नोंदणीचे चार टक्के आमच्याकडून’ असे म्हणत कार्डाचे यंत्र पुढे सरकवतो. तिथे क्रेडिट कार्ड काढू नये. परदेशात स्थावर मालमत्ता घेणे हा फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या भाषेत भांडवली व्यवहार आहे आणि भारतात राहणाऱ्या व्यक्तीने त्यासाठीचे पैसे रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली, आपल्या बँकेत ए-२ अर्ज भरून, आपल्याच खात्यातून पाठवायचे असतात.

या योजनेची मर्यादा माणशी, दर आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर आहे. एका डॉलरला ३.६७२५ दिरहम हा दर १९९७ पासून बांधलेला असल्यामुळे अडीच लाख डॉलरचे सुमारे ९ लाख १८ हजार दिरहम होतात, म्हणजे दहा लाख दिरहमचा फ्लॅट एका माणसाच्या एका वर्षाच्या मर्यादेत बसत नाही. मग पत्नीच्या आणि मुलाच्या खात्यातूनही पैसे जातात, पण खरेदीखतावर नाव मात्र एकट्या नवऱ्याचे लागते, कारण ‘आपल्यात काय, घर तर एकच’. ही चूक महागात पडते, कारण मालमत्तेसाठी कुटुंबीयांच्या मर्यादा एकत्र करायच्या असतील तर ज्याने पैसे पाठवले तो प्रत्येकजण सहमालक असावा लागतो. नावे वाढवायची नसतील तर काही रक्कम मार्चमध्ये आणि उरलेली एप्रिलमध्ये पाठवण्याचा सरळ मार्ग उपलब्ध आहे. वर्षात दहा लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. विवरणपत्र भरताना तो भरायच्या करातून वजा होतो, पण तोपर्यंत ते पैसे अडकून राहतात आणि बहुतेकांनी ते हिशेबात धरलेले नसतात.

याहून धोकादायक प्रकार घरगुती गप्पांतून ठरतो. मेव्हण्याने दुबईत आपल्या वतीने दिरहम भरायचे आणि आपण सांगलीत त्याच्या आईच्या हातात रुपये ठेवायचे, यात कोणाला काही वावगे वाटत नाही, कारण पैसे घरातच फिरतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र हा हवालाच होय, आणि फेमाखाली त्यासाठी गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो.

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पांत ‘महिन्याला फक्त एक टक्का’ अशा योजनांचे आकर्षण मोठे असते. हप्ता दिरहममध्ये स्थिर असला तरी दिरहम डॉलरला बांधलेला आहे, त्यामुळे रुपया घसरला की तोच हप्ता आपल्यासाठी वाढतो. हप्ते थांबवले तर काय होते, हेही करार करण्याआधी वाचावे: बांधकाम साठ टक्क्यांच्या पुढे गेले असेल तर बिल्डर कराराच्या किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत रक्कम स्वतःकडे ठेवू शकतो. ही टक्केवारी भरलेल्या पैशांची नसून पूर्ण किमतीची आहे. ताबा घेतल्यानंतरही हप्ते चालू राहणाऱ्या योजना तर उधारीसारख्याच दिसतात, म्हणून त्यांच्या बाबतीत आपल्या बँकेचे लेखी मत आधी घ्यावे. माझे मत विचाराल तर, केवळ भाड्यासाठी घेणाऱ्याने ताबा मिळालेला, लोक राहत असलेल्या इमारतीतलाच फ्लॅट पाहावा.

तरीही चालू प्रकल्पात पैसे गुंतवायचेच असतील तर ते कोणत्या खात्यात जातात ते पाहावे. दुबईच्या २००७ च्या आठव्या कायद्यानुसार ग्राहकांचे पैसे त्या प्रकल्पाच्या नावाने उघडलेल्या एस्क्रो, म्हणजे केवळ त्याच प्रकल्पासाठी राखून ठेवलेल्या खात्यातच गेले पाहिजेत, एजंटच्या किंवा बिल्डरच्या चालू खात्यात नव्हे. कराराची नोंद ‘ऊकूद’ या प्रणालीत होते आणि बांधकाम किती टक्के झाले आहे ते दुबईच्या भूमी विभागाच्या ‘दुबई रेस्ट’ अॅपवर घरबसल्या दिसते. आपल्याकडे इंडेक्स टू काढून आजूबाजूचे खरे भाव पाहण्याची सवय ज्यांना आहे, त्यांनी ती तिथेही सोडू नये. झालेल्या व्यवहारांचे आकडे भूमी विभाग जाहीर करतो, आणि ते संकेतस्थळांवर लावलेल्या मागणीच्या भावांपेक्षा अनेकदा कमी निघतात. परदेशी माणसाला मालकी हक्क फक्त २००६ च्या सातव्या कायद्याने ठरवलेल्या भागांतच मिळतो, हेही कागदावर पडताळून घ्यावे.

परताव्याच्या हिशेबात मात्र सर्वांत जास्त फसगत होते, म्हणून तो सविस्तर मांडतो. समजा, ७०० चौरस फुटांचा फ्लॅट दहा लाख दिरहमला घेतला आणि वर्षाचे भाडे ७० हजार दिरहम मिळाले. माहितीपत्रक म्हणेल, सात टक्के परतावा. आता खर्च पाहू. भूमी विभागाचे शुल्क चार टक्के म्हणजे ४० हजार, एजंटचे दोन टक्के आणि त्यावर पाच टक्के व्हॅट मिळून २१ हजार, नोंदणी कार्यालयाचे व्हॅटसह ४,२००; म्हणजे घर पडले सुमारे १० लाख ६५ हजारांना. आपल्या सोसायटीच्या मेंटेनन्ससारखा तिथला सर्व्हिस चार्ज चौरस फुटावर आकारतात. वर्षाला १६ दिरहमचा दर धरला तर ११,२०० गेले. भाडेकरू सांभाळणाऱ्या कंपनीचे पाच टक्के म्हणजे ३,५००, आणि एक महिना घर रिकामे राहिले तर सुमारे ५,८००. हातात उरले ४९,५००.

इथे बहुतेकांचा हिशेब ‘दुबईत कर नाही’ या वाक्याने संपतो. भारतात राहणाऱ्याला मात्र हे भाडे इथल्या विवरणपत्रात दाखवून त्यावर कर भरावा लागतो आणि तिकडे कर भरलेलाच नसल्यामुळे वजा करायलाही काही नसते. घरभाड्यावर ३० टक्क्यांची सरसकट वजावट मिळते, पण सर्व्हिस चार्ज त्याव्यतिरिक्त वजा होत नाही. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असणाऱ्याचा कर उपकरासह १४ हजार दिरहमच्या आसपास जातो. उरलेले साडेपस्तीस हजार दिरहम गुंतवलेल्या रकमेच्या ३.३ टक्के भरतात. फ्लॅटची किंमत वाढेल, रुपया घसरेल आणि त्यातून फायदा होईल, असे म्हणता येते, पण मग तो फ्लॅट भाड्यासाठी घेतला असे म्हणू नये.

शिवाय विवरणपत्रातील शेड्यूल एफए या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात हे घर दरवर्षी दाखवावेच लागते. ते राहून गेले तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो, मग घरासाठी गेलेला पैसा कितीही स्वच्छ असो.

क्षेत्रफळाची तुलनाही जपून करावी. महारेराच्या कार्पेटमध्ये बाल्कनी धरत नाहीत, दुबईत विक्रीच्या क्षेत्रफळात ती बहुधा धरलेली असते. त्यामुळे ‘सातशे फूट’ ऐकून आपल्या डोळ्यांसमोर जो फ्लॅट येतो, त्यापेक्षा प्रत्यक्षातला लहान निघतो, आणि सर्व्हिस चार्ज मात्र बाल्कनीचाही द्यावा लागतो. इमारतीला केंद्रीय शीतकरण असेल तर एसी बंद असतानाही त्याचा स्थिर आकार येत राहतो; तो मालकाकडे आहे की भाडेकरूकडे, हे विचारून ठेवावे.

अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सची सवय तिथे उपयोगी पडत नाही. मुदत संपली की भाडेकरू चावी देऊन जाईल, असे गृहीत धरून घर विकायला काढणारे मालक अडकतात, कारण विक्रीसाठी किंवा स्वतः राहण्यासाठी घर रिकामे करून हवे असेल तर नोटरीमार्फत किंवा नोंदणीकृत टपालाने बारा महिने आधी नोटीस द्यावी लागते. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला निरोप त्यासाठी ग्राह्य धरला जात नाही. भाडेवाढही मालकाच्या मनावर नसून सरकारी निर्देशांकावर अवलंबून असते आणि ती कमाल २० टक्के होऊ शकते. भाडेकरू असलेला फ्लॅट घेताना ‘इजारी’ची, म्हणजे भाडेकराराची सरकारी नोंद आणि नोटिशीची तारीख आधी मागून घ्यावी.

दहा वर्षांच्या गोल्डन व्हिसासाठी वीस लाख दिरहमची मालमत्ता लागते, म्हणून बजेट दुप्पट करणारेही भेटतात. ज्यांना तिथे राहायचेच नाही, त्यांनी हा खर्च का करावा, हे मला अजून समजलेले नाही.

शेवटची चूक बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, ती वारसाची. फेब्रुवारी २०२३ पासून बिगरमुस्लिमांना लागू असलेल्या यूएईच्या नागरी कायद्यानुसार, इच्छापत्र नसेल आणि वारसांनी आपल्या देशाचा कायदा लावण्याची मागणी केली नसेल, तर अर्धी मालमत्ता जोडीदाराला आणि उरलेली अर्धी मुलांना सारखी वाटून मिळते. हिंदू वारसा कायद्यात मुलाच्या संपत्तीत पहिल्या वर्गातली वारस असलेल्या आईला त्या वाटणीत काहीच येत नाही. ज्यांच्या दुबईच्या घरात आईचेही दागिने गेले आहेत, त्यांनी ताबा घेण्यासाठी जाल त्याच फेरीत तिथे इच्छापत्र नोंदवून यावे.