बागेत दगडांचा तोल कसा साधावा

एकावर एक दगड उभे करायला सपाट दगड लागतात, हा गैरसमज आहे. लागतात ते खडबडीत. पुण्याकडचा काळा पाषाण, त्यातही बारीक भोकांचा, या कामाला उत्तम. पॉलिश केलेले पांढरे गोटे घसरतात. सुरुवातीला घेऊच नका. दगड नर्सरीतून किंवा बांधकाम साहित्याच्या दुकानातून आणा. टेकडीवरून, मुठेच्या पात्रातून उचलू नका, त्यांच्याखाली सरडे, विंचू, पाण्यातले किडे राहतात. सिंहगडावरचा सुटा दगडही जुन्या बांधकामाचा असू शकतो.

पाच दगड पुरेत: तळाला ८ ते १० किलोचा, मग साधारण ५, ३, २ आणि १ किलोचा. ब्रशने घासून धुवा, उन्हात कडकडीत वाळवा. सांध्यात माती किंवा शेवाळ राहिलं की दगड सरकतोच.

तळासाठी १० सेंमी खड्डा घ्या, निम्मा क्रश सँडने (दगड फोडून केलेल्या वाळूने) भरा, पाणी मारून ठोका आणि त्यावर मोठा दगड घट्ट बसवा. त्यावर उभं राहून पाहा; जरा जरी डुगडुगला तरी पुन्हा बसवा.

आता खरं काम. प्रत्येक सांध्यात तीन ठिकाणी टेकू हवा. दोनच असतील तर दगड त्या दोन बिंदूंमधल्या रेषेवर झुलतो. तीन बिंदूंचा त्रिकोण झाला आणि वरच्या सगळ्या वजनाचा मध्य त्याच्या आत पडला, की तोल टिकतो. हे तीन टेकू खळग्याच्या कडांवर मिळतात, म्हणून खालच्या दगडावरून बोट फिरवून खळगा शोधा. ४-५ मिमीचाही चालतो. वरच्या दगडाचं टोक त्यात ठेवा, दोन्ही तळहातांनी हलकेच धरा आणि थोडं थोडं फिरवत राहा. टोक बसलं की बोटांना बारीकसा ‘टक्’ जाणवतो. तिथेच थांबा, दाबू नका. हात सैल करताना ज्या तळव्यावर भार येतो, दगड त्या बाजूला कलतोय. माथा किंचित उलट बाजूला न्या. बराच वेळ जमलं नाही तर जोर लावण्याऐवजी दगडाची दुसरी बाजू वापरून पाहा. गवंड्यासारखी फटीत चीप (दगडाची कपची) मारली तर दगड उभा राहील, पण हाताला सवय लागणार नाही.

उंची गुडघ्यापर्यंतच ठेवा, घरात लहान मुलं किंवा कुत्रं असेल तर त्याहून कमी. गच्चीवर कठड्यावर कधीच रचू नका: २० सेंमीचा घनाकार पाषाण २३ किलोच्या आसपास भरतो. वळवाच्या वाऱ्याआधी रचना उतरवा, वरून एकेक, दुसरा हात खालच्या दगडावर ठेवून.