मोहल्ला कमिटी शांततेच्या दिवसांतच बांधा

भिवंडीत १९७० आणि १९८४ साली मोठ्या हिंदू-मुस्लिम दंगली झाल्या. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या, म्हणजे दोन्ही समाजांतल्या रहिवाशांच्या समित्या, बांधल्या, आणि डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. कमिट्या आधीच होत्या, हे महत्त्वाचं.

हद्द लहान धरा: दोन वस्त्यांमधला रस्ता आणि त्याला लागून असलेल्या गल्ल्या. वीस-बावीस माणसं पुरे, दोन्ही वस्त्यांतली निम्मी-निम्मी. नुसती प्रतिष्ठित मंडळी घेऊ नका. रात्री अकराला नाक्यावर उभी असणारी पोरं त्यांना ओळखतही नाहीत. पानवाला, रिक्षा स्टँडवरचा एखादा, बचतगटातल्या बायका, गणेश मंडळाचा आणि मशीद ट्रस्टचा एकेक माणूस घ्या. निवडणुकीचे इच्छुक नकोत, पहिल्याच महिन्यात बॅनर लागतो.

महिन्यातून एकदा बसा; विषय पाणी, कचरा, गटार. दर वेळी दंगलीवरच बोललात तर तिसऱ्या बैठकीला कोणी येत नाही. बैठक पोलीस ठाण्यात घेऊ नका, सदस्य खबरी ठरतात. बीट हवालदाराला आपल्याकडे बोलवा.

अफवेसाठी जोड्या लावा, एक इकडचा, एक तिकडचा. फोन आला की दोघांनी मिळून जागेवर जायचं, डोळ्यांनी बघायचं आणि आपापल्या वस्तीत सांगायचं. एकट्याचं सांगणं समोरची वस्ती मानत नाही. व्हिडिओ 'खोटा आहे' असं लिहूनसुद्धा पुढे पाठवू नका. लिहिलेलं गळून पडतं, चित्र फिरत राहतं. मारहाण सुरू झालीच असेल तर मध्ये न पडता ११२ लावा.

मिरवणुकीच्या आठवडाभर आधी दोन्हीकडच्यांनी मार्ग चालून बघा. चालती मिरवणूक सहसा निघून जाते, थांबलेली पेटते. म्हणून वाद्यं कुठल्या खांबापासून कुठल्या दुकानापर्यंत बंद, हे नमाजाच्या वेळांसह लिहून ठेवा. मंडळाच्या पोरांना मंडळाच्याच स्वयंसेवकांनी आवरायचं, मोहल्ल्यातल्यांना मोहल्ल्याच्या. उलट केलं की नुसता खांद्यावर ठेवलेला हातही धक्का ठरतो.

२०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला आल्या. मुंबईत ईदचा जुलूस दुसऱ्या दिवशी निघाला. असं ऐनवेळी ठरत नाही. पंचांग आणि हिजरी कॅलेंडर शेजारी ठेवून तारखा जूनमध्येच तपासा, चंद्रदर्शनाचा एक दिवस इकडेतिकडे धरून.