सशांच्या पाण्यातून जीवनसत्त्व ई : मादी गाभण राहण्यासाठी

आधी पाणी मोजा. रिकामी (गाभण नसलेली, पिलं नसलेली) मोठी मादी दिवसाला साधारण पाव लिटर पिते, पिलं पाजणारी त्याच्या दुप्पट-तिप्पट. त्या मापाने पाण्यात विरघळणारं ई-सेलेनियम (जीवनसत्त्व ई आणि सेलेनियम हे खनिज एकत्र असलेलं औषध) लेबलावरच्या सशांच्या डोसाप्रमाणे, नर दाखवण्याआधी (मिलनाआधी) ५ ते ७ दिवस द्या. डोस पशुवैद्यकाकडून ठरवून घ्या. सेलेनियम थोडं जास्त झालं तरी विषारी ठरतं. गोळीखाद्यात जीवनसत्त्व अ असतंच, वरून त्याचं द्रावण नको. अति झालं तर गर्भ पोटातच जिरतात.

द्रावण रोज ताजं करा, टाकी सावलीत ठेवा. संध्याकाळी निप्पलची (ससे चोखून पाणी पितात त्या तोटीची) नळी साध्या पाण्याने धुवा, नाहीतर आत बुळबुळीत थर धरतो. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात (जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागात) बोअरचं पाणी वापरू नका. चव बिघडली की ससे कमी पितात, मग खातही नाहीत.

उन्हाळ्यात मादी गाभण राहत नसेल तर बहुधा नराला उष्णता बाधलेली असते. ३० अंशांवर वीर्य खालावू लागतं, नवे शुक्राणू तयार व्हायला ६ ते ७ आठवडे जातात. आपल्याकडच्या ४५ अंशांत औषधापेक्षा ओलं पोतं, कुलर आणि गार पाणीच आधी. मादी पहाटे नराच्या पिंजऱ्यात न्या, गाभण राहिली का ते कळायला १२ ते १४ दिवसांनी पोट हलक्या हाताने चाचपा.