या चुका टाळा: जीवाणूंची उत्क्रांती घडवताना

जीवाणूला तुमच्या लायकोपीनशी (टोमॅटोतल्या लाल रंगद्रव्याशी) देणंघेणं नाही, त्याला फक्त वाढायचं असतं. तरीही लायकोपीनचं प्लाझ्मिड (जनुकं वाहणारं डीएनएचं छोटं वर्तुळ) घातलेलं ई. कोलाय हा जीवाणू रोज नव्या फ्लास्कमध्ये टाकत, उत्क्रांतीने उत्पादन वाढायची वाट पाहणारे भेटतातच. वाढ झपाट्याने होऊ लागते, कॉलन्या मात्र लालच्या पांढऱ्या होतात. रंग बनवणं हा बोजा आहे. तो टाकणारी पेशी पुढे जाते. प्लाझ्मिड टिकवायला अँपिसिलिन या प्रतिजैविकावर विसंबू नका. प्लाझ्मिडवाल्या पेशी ते माध्यमातूनच (वाढीच्या द्रावणातूनच) संपवतात आणि बिनप्लाझ्मिडच्या फुकटात जगतात. जनुकं गुणसूत्रात बसवा आणि हवा तो रासायनिक मार्ग चालवल्याशिवाय वाढताच येणार नाही, अशी कोंडी करा.

इस्रायलच्या वाइझमन संस्थेत 2019 साली कार्बन डायऑक्साइडवर वाढणारं ई. कोलाय मिळालं, ते अशाच कोंडीतून. रुबिस्को (कार्बन डायऑक्साइड पकडणारं एन्झाइम) घातलं, साखर जाळण्याच्या नेहमीच्या वाटा तोडल्या, ऊर्जेला फॉर्मेट दिलं आणि केमोस्टॅटमध्ये (ताजं माध्यम सतत आत आणि जुनं बाहेर जाणाऱ्या भांड्यात) झायलोज ही साखर कायम तुटपुंजी ठेवली. तरी सुमारे 200 दिवस लागले. पंधरवड्यात कंटाळून फ्लास्क ओतून देणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर चिकटवावा.

दुसरी चूक सिक्वेन्सिंग (डीएनएचं वाचन) हातात आल्यावरची. ई. कोलायचं एमजी1655 हे वाण मिनिमल (मोजक्याच पोषकद्रव्यांच्या) माध्यमात वाढवलं की आरपीएच आणि पायर-ई या जनुकांच्या जागी 82 बेस (डीएनएची अक्षरं) गळालेले वारंवार दिसतात. नवखा लगेच त्याचा संबंध आपल्या मार्गाशी जोडतो. खरं तर या वाणाच्या आरपीएचमध्ये मुळातच एक बेस कमी आहे. त्यामुळे पुढचं पायर-ई मंद चालतं आणि पिरिमिडीनची (डीएनए-आरएनएच्या घटकांची) टंचाई होते. उत्क्रांतीने तेवढंच दुरुस्त केलेलं असतं. म्हणून तुमचा मार्ग नसलेल्या मूळ वाणाच्या तीन स्वतंत्र फ्लास्क-मालिका त्याच माध्यमात सोबत चालवा. दोन्हीकडे दिसलं ते माध्यमामुळे. उरलेलं एकेक म्युटेशन (डीएनएतला बदल) मूळ वाणात घालून पाहा. तोवर ‘कारण सापडलं’ म्हणू नका.

बाकीच्या थोडक्यात. रोज एकदा 1:100 बदली (जुन्या कल्चरचा शंभरावा भाग नव्या माध्यमात) म्हणजे 6.6 पिढ्या, महिन्याला 200. हजाराच्या गप्पा नकोत. रात्रभर भरून थांबलेल्या फ्लास्कमधून उचललंत, तर लवकर जागं होणाऱ्या पेशीही निवडल्या जातात. नुसता वेग हवा असेल तर ओडी (गढूळपणावरून मोजलेली पेशींची दाटी) 0.3 ते 0.5 वरच उचला. केमोस्टॅटच्या काचेवर थर धरला की भांडं बदला, तिथल्या पेशी निवडीतून सुटलेल्या असतात. आणि दर 100 पिढ्यांना अख्खं कल्चर 20 टक्के ग्लिसरॉलमध्ये, उणे 80 अंशांवर ठेवा. एकच कॉलनी गोठवलीत, तर बाकीची लोकसंख्या परत मिळत नाही.