मेजर अर्काना शिकताय? आधी आठ नंबरचं कार्ड काढा

टॅरो शिकायला घेतलं की बहुतेक जण मेजर अर्काना, म्हणजे टॅरोच्या संचातली (डेकमधली) 22 मुख्य चित्रकार्डं, यांचे अर्थ वहीत उतरवून पाठ करायला बसतात. द फूल म्हणजे नवी सुरुवात, टॉवर म्हणजे पडझड, स्टार म्हणजे आशा. पाठांतराला माझी ना नाही, पण रीडिंगच्या वेळी ते फारसं कामी येत नाही. तीन कार्डं पडली की हातात तीन सुटे शब्द उरतात आणि समोरचा माणूस आपल्या तोंडाकडे बघत बसतो. तो अवघडलेपणा मला चांगला ठाऊक आहे. कमी झालाय, गेलेला नाही.

मला सगळ्यात जास्त छळलं ते क्रमाने, म्हणून तिथे जरा पाल्हाळ लावते. तुमच्या डेकमधलं 8 नंबरचं कार्ड काढा. सिंहाच्या जबड्याला हात लावून उभी असलेली बाई दिसली तर ते स्ट्रेंग्थ. तलवार-तराजू घेतलेली दिसली तर जस्टिस. यातलं जे 8 वर नाही ते 11 वर सापडेल. आता तुमच्या नोट्स उघडा आणि आकडे जुळतात का ते बघा. मी शिकायला जात होते तिथे झेरॉक्स नोट्स मार्सेय या जुन्या फ्रेंच पद्धतीच्या क्रमाने होत्या आणि हातातली कार्डं रायडर-वेट-स्मिथ या 1909 च्या डेकची. विचारलं तर उत्तर मिळालं, ‘एनर्जी एकच असते.’ कशी असेल एकच? जन्मतारखेची बेरीज करून जन्मकार्ड काढायची आपल्याकडे केवढी हौस! बेरीज 8 आली, तर एका डेकप्रमाणे तुम्ही सिंहाला शांत करणारी बाई आणि दुसऱ्याप्रमाणे न्यायासनावर बसलेली.

ही अदलाबदल का झाली हे कळलं की बाकीचा बराच गुंता आपोआप सुटतो. टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत जन्मला तो पत्त्यांचा खेळ म्हणून, आणि ही 22 चित्रं त्यातली हुकुमाची पानं. मिलानच्या व्हिस्कोंती-स्फोर्झा घराण्यासाठी रंगवलेल्या पानांवर ना आकडा आहे ना नाव. कोणतं पान कोणाला मारतं हे खेळणाऱ्यांना पाठ असायचं. मिलान, फेरारा, बोलोन्या, गावागणिक क्रम थोडा वेगळा. पुढे मार्सेय धाटणीच्या फ्रेंच डेकमध्ये जस्टिस 8 आणि स्ट्रेंग्थ 11 असा क्रम पक्का झाला. (असा डेक ओळखायची सोपी खूण: त्यावर रोमन चार IIII असा चार रेघांनी लिहिलेला असतो आणि 13 नंबरच्या कार्डावर बहुधा नावच नसतं.)

1781 मध्ये कूर द जेबलाँ नावाच्या फ्रेंच विद्वानाने जाहीर केलं की हे इजिप्तच्या पुरोहितांचं गुप्त ज्ञान आहे. तोवर इजिप्तची चित्रलिपी वाचताच येत नव्हती. शाँपोलियॉने तिची फोड केली ती 1822 मध्ये. तरी आजही पहिल्या लेक्चरला इजिप्त येतंच. तिथून उठून जा असं म्हणत नाही, पण पुढच्या बॅचचे पैसे भरायच्या आधी विचार करा.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एलिफास लेव्ही या फ्रेंच गूढविद्या-अभ्यासकाने 22 कार्डं हिब्रूच्या 22 अक्षरांशी जोडली. 1888 मध्ये लंडनला स्थापन झालेल्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळाने ती जोडणी आपल्या पद्धतीने बसवली: 22 अक्षरं म्हणजे तीन तत्त्वं, सात ग्रह आणि बारा राशी. द फूल 0 म्हणून सगळ्यात पुढे, वायुतत्त्व. मग एम्परर मेष, हायरोफंट वृषभ, लव्हर्स मिथुन, चॅरियट कर्क. पुढची रास सिंह, आणि जुन्या क्रमाने तिथे येत होता तराजू! तूळ राशीच्या जागी येत होती सिंहवाली बाई. म्हणून दोन कार्डांची जागा बदलली. आर्थर वेट याच मंडळातले. 1909 मध्ये त्यांचा डेक (तोच रायडर-वेट-स्मिथ) आला तेव्हा त्यांनी हाच क्रम ठेवला, पण कारण मात्र उघड सांगितलं नाही. आज ज्याला ‘मूळ’ क्रम म्हणून शिकवतात तो हा.

इथेच आणखी एक पाय घसरतो. कार्डांच्या या राशी पाश्चात्त्य, म्हणजे सायन (वसंतसंपातापासून मोजलेल्या). आपण रास सांगतो ती निरयन (स्थिर ताऱ्यांवरून मोजलेली), तीही चंद्राची. समोरची बाई ‘माझी मेष’ म्हणाली म्हणून एम्परर तिचं कार्ड ठरत नाही. दोन्हींची खिचडी करू नका, निदान सुरुवातीला तरी.

आता घाबरू नका. क्रम माणसांनी लावलाय म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही. वेटचा डेक असेल तर द फूल बाजूला ठेवा आणि उरलेली 21 कार्डं सात-सातच्या तीन ओळींत जमिनीवर मांडा. ही मांडणी मला सगळ्या कोर्सपेक्षा जास्त उपयोगी पडली. 1 खाली 8 येतं: मॅजिशियन आणि स्ट्रेंग्थ, दोघांच्याही डोक्यावर आडवा आठ. त्याखाली 15, डेव्हिल. मॅजिशियनचा एक हात वर, एक खाली. डेव्हिलचाही तसाच, फक्त खालच्या हातात मशाल. अर्थ कुणी सांगायची गरज उरत नाही.

मग डेव्हिल उचलून 6 नंबरच्या लव्हर्सशेजारी ठेवा. तेच उघडे स्त्री-पुरुष, वर देवदूताऐवजी शिंगवाला. बाईमागच्या झाडाला फळं होती, इथे तिच्या शेपटीला द्राक्षांचा घड. पुरुषामागच्या झाडाला ज्वाळा होत्या, इथे त्याच्या शेपटीलाच आग. आणि गळ्यातल्या साखळ्या नीट बघा: सैल आहेत, डोक्यावरून सहज निघतील. तसंच डेथमध्ये दूरवर दोन बुरुजांच्या मध्ये सूर्य आहे. तसेच दोन बुरूज 18 नंबरच्या मूनमध्ये परत दिसतात. डेथ आलं की लोक आजारपणाबद्दल विचारतात. तेव्हा त्यांना घोड्यासमोरचं लहान मूल दाखवा. राजा आडवा पडलाय, बिशप हात जोडून उभा आहे, पोर मात्र वर बघतंय. तब्येतीचं भाकीत तरीही करू नका. कधीच नाही.

ही चित्रं काढली पामेला कोलमन स्मिथ यांनी. पैसे फारच थोडे मिळाले, हे त्यांनी स्वतः पत्रात लिहून ठेवलंय. डेकच्या नावात त्यांना जागा मिळायलाही कितीतरी वर्षं गेली.

गुरू हवाच का? माझं मत: चित्राकडे बोट दाखवून ‘हे इथे का आहे?’ असं विचारू देणारा असेल तर हवा. दोन दिवसांत ‘मास्टर’चं सर्टिफिकेट देणारा नको. डेक कुणीतरी भेटच द्यायला हवा, स्वतः घेतला तर लाभत नाही, हेही सोडून द्या. मी माझा स्वतःच विकत घेतला. फक्त अगदी स्वस्तातली नक्कल घेऊ नका. त्यात छपाई इतकी धुरकट असते की डेव्हिलच्या साखळ्या सैल आहेत की आवळलेल्या, हेच कळत नाही. घेताना कडेला स्मिथ यांची वळणदार सही दिसतेय का तेवढं बघा. नकलेत ती बऱ्याचदा कापली गेलेली असते.