अ‍ॅम्लोडिपिन: गोळी कशी घ्यायची, गुण कसा जोखायचा

रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूत कॅल्शियम शिरलं की तो आवळतो आणि बीपी चढतं. अ‍ॅम्लोडिपिन कॅल्शियमची ही वाट अडवतं. वाहिन्या सैलावतात, हृदयावरचा भार घटतो, त्याच्या स्वतःच्या धमन्याही रुंदावतात. म्हणून ते अंजायनातही (हृदयाला रक्त कमी पडून छातीत येणारी कळ) देतात. खाण्यातल्या कॅल्शियमशी याचा संबंध नाही, दूध-नाचणी बंद करू नका.

सुरुवात बहुधा 5 मिग्रॅने होते, वयस्कर किंवा यकृताच्या रुग्णांत 2.5 ने, कमाल मात्रा 10. रोज एकदा, ठरलेल्या वेळी. जेवणाआधी की नंतर, फरक पडत नाही. हे औषध संथ आहे: रक्तातली पातळी स्थिरावायला 7-8 दिवस लागतात. दुसऱ्याच दिवशी बीपी मोजून ‘गोळी लागू पडली नाही’ म्हणू नका. सकाळी गोळीआधी, 5 मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून मिनिटाभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि लिहून ठेवा. गोळी विसरलात आणि 12 तास उलटले नसतील तर घ्या. उलटले असतील तर ती सोडा. दोन एकदम कधीच नकोत.

सर्वाधिक तक्रार घोट्यांच्या सुजेची. धमन्यांची टोकं रुंदावतात, शिरा तेवढ्या नाही. मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढून पाणी बाहेर झिरपतं. अंगात पाणी साठल्यामुळे ही सूज येत नाही, म्हणून लघवीच्या गोळीने ती फारशी उतरत नाही. मात्रा कमी करणं, टेल्मिसार्टनसारखं बीपीचं दुसरं औषध जोडणं किंवा याच कुळातल्या सिल्निडिपिनवर जाणं, हा निर्णय डॉक्टरांचा. एकच पाय सुजला, दुखला किंवा धाप लागली तर त्याच दिवशी दाखवा.

छातीत कळ आली तर अ‍ॅम्लोडिपिन कामाचं नाही, ते चढायला काही तास लागतात. डॉक्टरांनी दिलेली सॉर्बिट्रेटची गोळी बसून जिभेखाली ठेवा. 5 मिनिटांत कळ थांबली नाही तर 108 ला फोन करा. मात्र गेल्या दोन दिवसांत सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल (लैंगिक ताठरतेच्या गोळ्या) घेतलं असेल तर सॉर्बिट्रेट नको, बीपी धोकादायक कोसळतं. वाढलेलं बीपी झटकन उतरवायला निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली देण्याची जुनी पद्धत तर पूर्ण टाळा. त्याने पक्षाघात झालेले आहेत.

डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल याच कुळातली, पण ती हृदयाची गतीही मंदावतात. नाडी मंदावणारं मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल चालू असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, या दोघांपैकी एखादं सोबत घेतल्यास नाडी फार खाली जाऊ शकते. केमिस्टकडून एकाऐवजी दुसरं घेऊ नका.