माणगाव सातच्या आत: मे महिन्यात ठाणे-नवी मुंबईहून गाडीने कोकणात

मे महिन्यात गाडीने गावी जायचं तर एकच वेळ पक्की धरा: सकाळी सातच्या आत माणगाव मागे पडलं पाहिजे. बाकीचं सगळं, म्हणजे निघायची वेळ, डबा, सीएनजी, रात्रीची झोप, या वेळेवरून उलटं मोजत ठरवायचं. सातनंतर माणगावच्या बाजारपेठेत गर्दी सुरू होते. ताम्हिणी उतरून श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वरला निघालेल्या पुण्याच्या गाड्याही तिथेच येऊन मिळतात. तिथे तासभर अडकलात तर पुढचा सगळा प्रवास टळटळीत उन्हात होतो. मग एसी पुरत नाही, मुलं किरकिर करतात आणि घाटात इंजिन तापतं.

ठाण्याहून चिपळूण अंदाजे अडीचशे किलोमीटर आहे. पहाटे चारला निघालात तर पाचच्या सुमारास पळस्पे फाटा, पावणेसहाला वडखळ आणि पावणेसात ते सातला माणगाव येतं. घोडबंदर रोडवरून निघणाऱ्यांनी साडेतीन धरावेत, खारघर-कामोठ्याच्या लोकांना साडेचार पुरतात. ठाण्यातून पळस्प्याला जायला कळवा, विटावा, ऐरोली आणि मग ठाणे-बेलापूर रोड हाच रस्ता बरा. मुंब्रा बायपास आणि शिळफाटा नकाशावर सोयीचे दिसतात, पण रात्री तिथे कंटेनरची रांग असते. एखादा ट्रक चढावावर बंद पडला की मागे सगळेच अडकतात.

शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवारची सकाळ टाळाच. शनिवारी अलिबागकडे वळणाऱ्या गाड्यांमुळे वडखळला वाहतूक तुंबते. शनिवारशिवाय इलाजच नसेल तर कळंबोलीहून एक्सप्रेसवेने खोपोलीला उतरा आणि पाली मार्गे वाकण फाट्याला मुंबई-गोवा महामार्ग गाठा. पेण, वडखळ, नागोठणे तिन्ही टळतात. रस्ता थोडा लांबचा आहे, पण तासभर उभं राहण्यापेक्षा चालत राहणं केव्हाही बरं.

सावंतवाडी-कुडाळच्या लोकांचं गणित वेगळं. अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि एकट्या चालकाने ते एका दमात कापू नये. दोन चालक असतील तर ठीक, नाहीतर चिपळूण किंवा रत्नागिरीकडे कुणा नातेवाइकाकडे मुक्काम करा. उन्हाळ्यात लोक अशाच निमित्ताने भेटतात. कोल्हापूरमार्गे येऊन फोंडा किंवा आंबोली घाट उतरणारेही पुष्कळ आहेत. हा रस्ता निवडलात तर घाट अंधार पडायच्या आत उतरता येईल अशा बेताने निघा.

गाडी: आठवडाभर आधी

आदल्या संध्याकाळी गॅरेजला गेलात तर मेकॅनिकने काही सांगितलं तरी पार्ट आणायला वेळ उरत नाही. म्हणून आठ दिवस आधीच दाखवून घ्या.

सगळ्यात जास्त गैरसमज टायरच्या हवेबद्दल आहेत. "उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून दोन-तीन पीएसआय कमी भरा" हा सल्ला धोक्याचा आहे. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, त्यातून उष्णता तयार होते आणि भरधाव गाडीचा टायर फुटतो तो याच उष्णतेने. चालकाच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. त्यावर दोन आकडे असतात, एक कमी माणसांसाठी आणि एक भरलेल्या गाडीसाठी. पाच माणसं आणि सामान असेल तर दुसरा आकडा घ्या. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा, स्टेपनीतलीही. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी पाच-सहा वर्षांचा टायर लांबच्या प्रवासाआधी जाणकाराला दाखवा, कारण रबर कडक होऊन बारीक चिरा पडतात.

कूलंट इंजिन थंड असताना पाहायचं. बाटलीवरच्या दोन खुणांच्या मध्ये पातळी हवी. दर महिन्याला कमी होत असेल तर कुठेतरी गळती आहे. नुसतं भरत राहून ती थांबत नाही. बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर तपासून घ्या, उन्हाळ्यातली उष्णता तिचं आयुष्य झपाट्याने कमी करते. वायपरही बघा. वर्षभर उन्हात राहून त्यांचं रबर लाकडासारखं होतं आणि मेच्या शेवटी वळवाची सर आली की काच पुसण्याऐवजी माखते. त्या पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येते, तेव्हा वेग कमी ठेवा.

सीएनजी गाडीवाल्यांनी आदल्या रात्री उशिरा, रिक्षांची रांग ओसरल्यावर टाकी भरावी. यात गर्दी टळतेच, शिवाय गॅसही जास्त बसतो. पंप २०० बारच्या आसपास दाब होताच थांबतो. दुपारच्या उष्णतेत गॅस प्रसरण पावलेला असल्याने तेवढ्याच दाबाला वजनाने कमी भरला जातो. ६० लिटरच्या टाकीत प्रत्यक्षात आठ-नऊ किलो बसतो, त्यात सपाट रस्त्यावर साधारण दोनशे ते अडीचशे किलोमीटर होतात. पनवेल सोडल्यावर पंप विरळ होतात आणि सुट्टीत तिथेही रांगा असतात, म्हणून पेट्रोल किमान अर्धी टाकी ठेवा. चढावाला गाडी ओढत नसेल तर पेट्रोलवर घ्या. सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झाली आहे का, तेही पाटीवर पाहून घ्या.

फास्टॅगमध्ये पैसे आहेत का आणि केवायसी पूर्ण आहे का, हे निघायच्या दोन दिवस आधी पाहा. टॅग चालला नाही तर टोल जास्त जातो. वार्षिक पासवाल्यांनी लक्षात ठेवावं की तो राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धी राज्याच्या अखत्यारीत असल्याने तिथे नेहमीसारखे पैसे कापले जातात.

कोण कुठे बसणार

कोकणचा रस्ता दक्षिणेकडे जातो, त्यामुळे सकाळी ऊन डाव्या खिडकीतून येतं. परतताना गाडी उत्तरेकडे चाललेली असते आणि दुपारनंतर सूर्य पश्चिमेला, म्हणजे पुन्हा डावीकडेच. मागच्या सीटवर आजी-आजोबा आणि लहान मुलं उजव्या बाजूला बसवा आणि डाव्या काचेला जाळीचा पडदा लावा. मेच्या मध्यावर ठाण्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस याच सुमारास असतो. त्या वेळी पडद्याचा काही उपयोग नाही, छतच तापतं. बारा ते तीन सावलीत थांबायचं ठरवलंत तर सगळ्यांचेच हाल वाचतात.

उन्हात उभी असलेली गाडी सुरू करताना आधी सगळ्या काचा खाली घेऊन दोन-तीन मिनिटं चालवा, आतली गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग काचा लावून एसी आतल्या हवेवर फिरवा. बंद गाडीत दहा मिनिटांत दहा अंशांच्या आसपास तापमान वाढतं. "एवढं पाणी घेऊन येतो" म्हणूनही मुलाला आत ठेवू नका.

गाडी लागणाऱ्यांना अगदी रिकाम्या पोटी बसवू नका आणि दूधही देऊ नका. एक कोरडी पोळी किंवा दोन बिस्किटं बरी. गोळी द्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून निघण्याआधी अर्धा ते एक तास द्या, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नसतो. मोबाइल बंद, नजर समोरच्या रस्त्यावर. आलेपाक आणि आवळा सुपारी हाताशी ठेवा.

डबा आणि पाणी

दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, शेंगदाण्याची किंवा लसणाची कोरडी चटणी हे दिवसभर टिकतं. ओल्या नारळाची चटणी, उसळ, कांदा घातलेली बटाट्याची भाजी आणि दहीभात उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबतात. डबा बिघडण्याचं खरं कारण बहुतेक वेळा पदार्थ नसतो, गरम असतानाच झाकण लावणं असतं. वाफेचं पाणी होतं आणि बुरशी-आंबूस वास तिथूनच सुरू होतो. दशम्या जाळीवर पूर्ण निववा, सुती फडक्यात गुंडाळा, मग डब्यात भरा.

पाणी माणशी किमान दोन लिटर. पन्हं आणि कोकम सरबत घट्टच न्या आणि हवं तेव्हा पाण्यात घाला. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायचं. "थोडंसं पेल्यात" केलं तर मीठ-साखरेचं प्रमाण बिघडतं. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचाच.

घाटात

पोलादपूरनंतर बोगद्यामुळे कशेडीचा जुना घाट टळतो. आत शिरताना दिवे लावा. परशुराम घाट मात्र आहेच. उतरताना ज्या गिअरने चढलो असतो त्याच गिअरमध्ये गाडी ठेवायची. सतत ब्रेकवर पाय राहिला तर पॅड तापतात, जळका वास येतो आणि ब्रेक दाबूनही गाडी थांबेनाशी होते. न्यूट्रलमध्ये उतरणं तर अजिबात नको. ऑटोमॅटिक गाडीत खालचा गिअर हाताने निवडा.

तापमानाचा काटा वर चढू लागला तर आधी एसी बंद करा, हीटर पूर्ण सुरू करा आणि काचा उघडा. हीटर इंजिनातली उष्णता बाहेर ओढतो. काटा खाली आला नाही तर सुरक्षित जागा पाहून गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण किमान चाळीस मिनिटं उघडू नका. दाबाखालचं उकळतं पाणी तोंडावर उडतं. मदतीसाठी महामार्गाची हेल्पलाइन १०३३, रुग्णवाहिका १०८ आणि इतर सगळ्यासाठी ११२.

परतीचं ओझं

जाताना हलकी असलेली गाडी येताना आंबे, फणस, तांदूळ आणि कुळथाच्या पिठाने भरलेली असते. निघण्याआधी टायरची हवा पुन्हा पाहा. रविवारी संध्याकाळी निघू नका. एकतर रविवारी पहाटे निघा, नाहीतर मुलांची शाळा आणि तुमची रजा जमत असेल तर सोमवारी.

हापूसची पेटी बंद डिकीत भर दुपारी ठेवली तर आंबे उष्णतेने आतून बिघडतात, वरून मात्र छान दिसतात. पेटी शक्यतो सीटच्या पायाशी, एसीची हवा लागेल अशी ठेवा आणि तिच्यावर बॅग रचू नका. घेतानाच देठासकट, कडक आंबे मागा. देठ तुटला की चीक सालीवर पसरतो आणि तिथेच काळा डाग पडून कुजायला लागतं. फणसाचा देठ कापडाने बांधून तो गोणपाटात गुंडाळा, नाहीतर चीक सीटला लागला की निघत नाही. आगळाच्या बाटल्या उभ्याच ठेवा, झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा लावा.

घरी पोचलात की कितीही दमला असलात तरी पेटी त्याच रात्री उघडा. दबलेले आंबे वेगळे काढा, उरलेले पेंढ्यात एकमेकांना न चिकटता मांडा आणि एक दिवसाआड उलटून बघा. कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवू नका, तो नीट पिकत नाही.